डिलीट केलं, पण गेलं का?

परवा जुना फोन एक्सचेंजला दिला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "रिसेट मारलाय ना? मग झालं!" खरंच झालं का? म्हणून मी मागचा इतिहास चाळला. तोच आज सांगतो.

२००० ते २००२ या काळात अमेरिकेतल्या एमआयटीचे दोन विद्यार्थी, सिमसन गार्फिंकल आणि अभी शेलत, यांनी जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. एकूण १५८. त्यातल्या १२९ चालू होत्या. आणि नीट पुसलेल्या किती? फक्त १२! उरलेल्यांतून क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, खासगी ईमेल, आजारपणाच्या नोंदी निघाल्या. एक डिस्क तर चक्क एटीएममधली होती.

गंमत म्हणजे कित्येक डिस्क फॉरमॅट केलेल्या होत्या. मग डेटा राहिला कसा? कारण डिलीट किंवा साधं फॉरमॅट म्हणजे दारावरची पाटी काढणं. भाडेकरू आतच असतो!

त्याला बाहेर काढायचा उपाय म्हणजे जुन्या डेटावर नवं काहीतरी लिहिणं. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी त्यासाठी ३५ वेळा लिहायची पद्धत मांडली. लोकांनी ती जपासारखी धरली. पण त्यातले बरेच आकृतिबंध वेगवेगळ्या जुन्या डिस्कसाठी होते. सगळे ३५ एकाच डिस्कवर चालवण्यात अर्थ नाही, हे पुढे गुटमन यांनीच सांगितलं.

आणि फोनमध्ये तर ही युक्तीच डळमळते. फ्लॅश मेमरी झिजू नये म्हणून तिचा कंट्रोलर नवा डेटा वेगळ्याच जागी लिहितो. जुना तसाच पडून राहू शकतो.

मग वाट बदलली. डेटा पहिल्यापासून कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड ठेवायचा आणि पुसायच्या वेळी फक्त किल्ली नष्ट करायची. २००९ च्या आयफोन ३जीएसमध्ये हे आलं. अँड्रॉइडमध्ये २०१५ नंतर हळूहळू रुळलं.

म्हणजे दुकानदार बरोबर होता? आजच्या फोनपुरता, हो. पण ड्रॉवरमधल्या दहा-बारा वर्षं जुन्या फोनला एन्क्रिप्शन असेलच असं नाही. तो रिसेट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्ट करा. आणि मेमरी कार्ड? ते आठवणीने काढून घ्या. फोन रिसेट केला तरी कार्डावरचे फोटो सहसा जागेवरच असतात.

भेटू पुढच्या भागात!