मालक नसलेली पाटी

चेन्नईहून तिरुचिरापल्लीच्या महामार्गाला लागलं की थोड्या थोड्या अंतरावर एकच पाटी भेटत राहते: कुंभकोणम डिग्री कॉफी. पितळी डवरा (पसरट वाटी), त्यात पितळी टंबळर (पेला) आणि वर बोटभर फेस. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही दुकानं तमिळनाडूच्या रस्तोरस्ती उगवली. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही, सगळ्यांचा मिळून कुणी धनी नाही, आणि खुद्द कुंभकोणम गाव तिथून बरंच दूर, कावेरीकाठी.

मराठी वाचकाला हे गाव अगदीच परकं नसावं. १८५५ पर्यंत मराठी गादी असलेलं तंजावर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. सयाजीराव गायकवाडांच्या लहानपणी बडोद्याची दिवाणगिरी सांभाळणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात एका मराठी कुटुंबात जन्मले. गणिती रामानुजन वाढले ते सारंगपाणी मंदिरासमोरच्या गल्लीत. त्यांचे वडील साडीच्या दुकानात गुमास्ते होते. देवळं, विड्याची पानं, रेशीम आणि तांब्या-पितळेची भांडी यांवर हे गाव चालत आलं. कॉफी मात्र इथे पिकत नाही. तिची झाडं पश्चिमेकडच्या डोंगरात. गावाचं नाव झालं ते बियांमुळे नव्हे, दुधामुळे.

‘डिग्री’ म्हणजे काय, यावर तमिळ माणसं तासभर वाद घालू शकतात. सर्वांत प्रचलित खुलासा लॅक्टोमीटरचा. दुधात पाणी घातलं की ही काचेची नळी खाली बुडते आणि तिच्यावरचे अंश भेसळ सांगतात. या परीक्षेला उतरलेलं दूध ते ‘डिग्री’चं दूध, आणि त्याची कॉफी ती डिग्री कॉफी. (मुरलेले गवळी या नळीला सहज चकवत. साय काढली की दूध जड होतं, मग बेतानं पाणी घातलं की नळी पुन्हा जागेवर! परीक्षेवर पुरता विश्वास टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.) दुसरा खुलासा गाळणीचा: भुकटीवर पहिल्यांदा ओतलेल्या पाण्याचा दाट अर्क, तो पहिल्या डिग्रीचा. तिसरा सर्वांत गमतीचा. डब्यावरचा ‘चिकरी’ (कॉफीत मिसळतात ती मुळांची भुकटी) हा शब्द तमिळ उच्चारात घसरत घसरत ‘डिग्री’ झाला म्हणे. कुंभकोणमची खरी कॉफी चिकरीला शिवतसुद्धा नाही असं मानणाऱ्याला हे ऐकून ठसकाच लागायचा.

गावात या कॉफीचं मूळ सांगताना नाव निघतं ते पंचामी अय्यरांच्या ‘लक्ष्मी विलास’चं. ‘पसुंपाल’ म्हणजे गाईचं दूध; ते ताजं काढायचं, पाण्याचा थेंब घालायचा नाही, बिया रोजच्या रोज भाजायच्या, अर्क एकदाच वापरायचा. अशा दुकानांना पूर्वी ‘कॉफी क्लब’ म्हणत. नाव क्लबाचं, पण आत लाकडी बाकं आणि ताटकळलेली गिऱ्हाइकं. बऱ्याच ठिकाणी ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी असे. आज पितळी पेल्याचा फोटो काढणाऱ्याला ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

अशा गेलेल्या दुकानांसाठी उसासे टाकण्यात इंग्रजांचा हात धरणारं कुणी नाही. लायन्स कंपनीचं पहिलं चहागृह लंडनच्या पिकॅडिलीत १८९४ साली उघडलं. पांढरा दर्शनी भाग, सोनेरी अक्षरं आणि ‘निप्पी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चटपटीत वाढपिणी, सगळं काळाआड गेलं. पण कंपनीमागे दप्तर राहिलं. केक-पावांचा हिशेब मांडायला लायन्सने १९५१ मध्ये स्वतःचा ‘लिओ’ नावाचा संगणक चालवला होता, त्याचेही कागद आहेत. कॉफी क्लबांचा हिशेब असायचा तो गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात. त्यामुळे इथे आठवण काढायची तर ती चवीवरूनच काढावी लागते, आणि चवीचा पुरावा कुठल्याच कचेरीत चालत नाही.

चिकरीची गोष्टही विलायतेशी जोडलेली आहे. ग्लासगोच्या पॅटरसन कंपनीने १८७६ साली ‘कॅम्प’ नावाचा कॉफी, चिकरी आणि साखरेचा पातळ अर्क बाटलीत भरून विकायला काढला. लेबलवर तंबूसमोर बसलेला स्कॉटिश शिपाई, आणि शेजारी तबक घेऊन उभा शीख नोकर. पुढे चित्रातलं तबक गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी शीखही शेजारी बसून कॉफी पिऊ लागला. बाटली ब्रिटनमध्ये अजून मिळते.

मुंबईत हाच कित्ता गिरवला एका पारशाने. पेस्तनजी एडुलजी दलाल यांनी कॉफी भाजून दळून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक साहेबलोकांचं, तेव्हा दुकानाला नावही साहेबी हवं. घरात त्यांना ‘पॉली’ म्हणत, त्याचं झालं ‘पोल्सन’. चिकरी मिसळलेली ‘पोल्सन फ्रेंच कॉफी’ चांगली चालली. जायफळ-वेलदोडा घालून दुधात उकळलेली कॉफी पाहुण्यांपुढे आणि उपासाला चालवणाऱ्या मराठी घरांतही हा डबा पोचला. पुढे लष्कराला लोणी पुरवायचं काम मिळालं, १९३० मध्ये आणंदला अद्ययावत डेअरी उभी राहिली, आणि लोणी म्हणजे पोल्सन असं समीकरण झालं. इतकं की ‘मस्का लावणे’ला मुंबईकरांनी ‘पोल्सन लावणे’ हा जोडीदार दिला.

लोण्यावरच कंपनी घसरली. मुंबईच्या दूध योजनेसाठी खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करायचा मक्ता पोल्सनला मिळाला, शेतकऱ्यांच्या हाती मात्र तुटपुंजे पैसे. पंधरा दिवस त्यांनी दूध घालायचं बंद केलं, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. हाच पुढचा अमूल. गंमत अशी की अमूलचं ताज्या सायीचं लोणी लोकांना सुरुवातीला मचूळ लागलं. जिभेला सवय होती पोल्सनच्या आंबवलेल्या, खारट चवीची, म्हणून अमूललाही मीठ वाढवावं लागलं. हरलेल्या कंपनीची चव जिंकणाऱ्याच्या पाकिटात जाऊन बसली.

आणि पोल्सन? नाव कागदोपत्री जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यातल्या आंबा घाटात, पोल्सन लिमिटेड चामडं कमावायला लागणारा वनस्पतिजन्य अर्क तयार करते. कॉफी नाही, लोणीही नाही.

कुंभकोणममध्ये उलटंच घडलं. तिथली जुनी, नोंदणीकृत, रीतसर मालक असलेली संस्था म्हणजे १९०४ साली निघालेली कुंभकोणम बँक. १९६५ मध्ये दोन छोट्या बँका तिच्यात आल्या आणि ती ‘कुंभकोणम सिटी युनियन बँक’ झाली. १९८७ साली पाटीवरून ‘कुंभकोणम’ उतरलं. सिटी युनियन बँकेचं मुख्यालय अजूनही त्याच गावात आहे. बँकेने उतरवलेलं नाव महामार्गावरच्या दुकानदारांनी उचललं, आणि त्यासाठी कुणाला विचारावं हा प्रश्नच नव्हता. त्यांच्यातले काही चिकरी घालतात, काही घालत नाहीत. दुधात लॅक्टोमीटर बुडवून पाहणारा मात्र क्वचितच भेटतो. दूध पिशवीतून येतं.