छातीतली जळजळ : एका जुन्या दुखण्याची हकीकत

आंबिवलीला आमच्या शेजारी एक आजोबा राहत. जन्मभर कारखान्यात पाळीचे काम. रात्रपाळी संपवून पहाटे यायचे, झणझणीत कालवणाशी भाकरी पोटभर खायची, की लागलीच आडवे. छाती जळू लागली म्हणजे खाण्याचा सोडा पाण्यात घालून प्यायचे. ढेकर आला की म्हणत, "पित्त आहे, जाईल." एका रात्री छाती भरून आली, दरदरून घाम फुटला. त्यांनी सोडाच घेतला. ते पित्त नव्हते, हृदयविकाराचा झटका होता. उजाडेपर्यंत सारे आटोपले होते.

ही गफलत होते कशी? पित्त तर आपल्या फार ओळखीचे. चरकसंहितेत आम्लपित्तावर वेगळा अध्याय नाही. पण माधवनिदानात, म्हणजे सुमारे बाराशे वर्षांमागे, तो आहे. वर चढणारे ऊर्ध्वग आणि खाली जाणारे अधोग असे दोन प्रकार तिथे केले आहेत. आंबट-कडू ढेकर, घशात व छातीत दाह, ही लक्षणेही दिली आहेत. काश्यपसंहितेतही आम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय आहे. ही संहिता नेपाळात सापडली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडली, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

जठरातले आम्ल कोणते, हे १८२३ साली इंग्लंडात विल्यम प्राउट यांनी शोधले. तेच आम्ल वर येऊन अन्ननलिका भाजते, हे न्यूयॉर्कचे विंकलस्टाइन यांनी १९३५ साली मांडले. पुढे १९५१ साली इंग्रज शल्यवैद्य ॲलिसन यांनी त्याचा संबंध हायेटस हर्नियाशी जोडला. म्हणजे काय? छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो. त्याच्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते. भोक सैल झाले की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो, आणि आम्ल अडवणारी झडप नीट मिटत नाही. पुष्कळांना हा हर्निया असूनही काही त्रास होत नाही, हेही खरे.

पूर्वी बेरियमचा पांढरा घोट पाजून क्ष-किरणांनी हा हर्निया पाहत. आता दुर्बीण घालूनही दिसतो. १९५६ साली निसेन यांनी जठराचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९८०च्या दशकाअखेरीस ओमेप्रेझोल आले. ते जेवणाआधी घ्यायचे, आणि वर्षानुवर्षे मनानेच नव्हे. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर, तंबाखू बंद, वजन आटोक्यात, हे पथ्य मात्र रोजचे. घास अडकू लागला, रक्ताची उलटी झाली, शौचास काळे झाले, तर घरी बसू नये. आणि घामासह छाती दाबल्यासारखी झाली, तर पित्ताचे नावसुद्धा न काढता थेट रुग्णालय गाठावे.

त्या आजोबांच्या मुलालाही जळजळ आहे. त्याने आधी कल्याणला जाऊन हृदयाचा आलेख काढून घेतला, दुर्बीण मग. आता त्याच्या खाटेच्या उशाकडील पायांखाली दोन-दोन विटा लावलेल्या आहेत.