बाउन्सर (सुरक्षारक्षक)

बाउन्सर हा मद्यालये, पब, डिस्कोथेक, रात्री उशिरापर्यंत चालणारी उपाहारगृहे व गर्दीचे समारंभ अशा ठिकाणी प्रवेशावर नियंत्रण ठेवण्यासाठी आणि आतील सुव्यवस्था राखण्यासाठी नेमलेला खासगी सुरक्षारक्षक होय. भारतीय कायद्यानुसार त्याला पोलिसांचे कोणतेही अधिकार नाहीत. बळाच्या वापराबाबत त्याचे स्थान सामान्य नागरिकाइतकेच आहे. शहरांतील रात्रीच्या हिंसाचाराच्या घटनांनंतर उमटणाऱ्या लोकप्रतिक्रियांमध्ये पोलिसांबरोबरच अशा रक्षकांचे वर्तन, त्यांचे प्रशिक्षण आणि आस्थापनेच्या दाराबाहेरील जबाबदारी हे विषय वारंवार चर्चिले जातात. महाराष्ट्रात मुंबईतील आंबोली येथे २०११ साली झालेल्या दुहेरी हत्येनंतर रात्रीच्या सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

नाव व प्रसार

हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. मूळ अर्थ 'उसळवून बाहेर टाकणारा' असा असून क्रिकेटमधील उसळत्या चेंडूलाही हेच नाव आहे. 'द्वाररक्षक' हा जुना शब्द अर्थाने जवळचा असला तरी बोलीत व वृत्तपत्रांत 'बाउन्सर' हाच शब्द रूढ झाला. कायद्याच्या भाषेत मात्र 'खासगी सुरक्षारक्षक' हीच संज्ञा वापरली जाते.

आरंभी महानगरांतील पब व डिस्कोथेकपुरता मर्यादित असलेला हा व्यवसाय पुढे लग्नसमारंभ, वाद्यवृंदाचे कार्यक्रम, दहीहंडी, रुग्णालये आणि राजकीय मेळावे येथपर्यंत पोहोचला. त्यामुळे तालुक्याच्या गावीही काळ्या पोशाखातील धिप्पाड रक्षक हे दृश्य आता अपरिचित राहिलेले नाही.

कामाचे स्वरूप

बाउन्सरच्या कामाचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिला भाग प्रवेशाचा: येणाऱ्यांची तपासणी करणे, शस्त्रे अथवा अमली पदार्थ आत जाऊ न देणे व वयाची खातरजमा करणे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. दुसरा भाग आतील देखरेखीचा, तिसरा भांडण सोडविण्याचा व अनावर झालेल्या ग्राहकास बाहेर नेण्याचा, आणि चौथा आग किंवा चेंगराचेंगरीच्या प्रसंगी लोकांना सुखरूप बाहेर काढण्याचा.

शरीरयष्टी हा या व्यवसायातील भरतीचा प्रमुख निकष मानला जातो. प्रत्यक्ष कामात मात्र मद्यपी व्यक्तीशी शांतपणे बोलणे, दोन गटांना वेळीच वेगळे करणे आणि योग्य क्षणी पोलिसांना पाचारण करणे या कौशल्यांची गरज अधिक वेळा पडते. महिला ग्राहकांची तपासणी करण्यासाठी महिला रक्षकही नेमल्या जातात.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात या क्षेत्राशी संबंधित पहिला महत्त्वाचा कायदा कामगार कल्याणाच्या हेतूने झाला. महाराष्ट्र खासगी सुरक्षारक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ अन्वये सुरक्षारक्षक मंडळे स्थापन झाली. रक्षकांची नोंदणी करणे, त्यांना मालकांकडे कामावर पाठविणे आणि वेतन व इतर लाभांची हमी देणे हे या मंडळांचे काम आहे.

संसदेने संमत केलेला खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ हा १५ मार्च २००६ पासून अमलात आला. त्यानुसार सुरक्षासेवा पुरविणाऱ्या संस्थेस राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचा परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. रक्षकाचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असणे, त्याच्या चारित्र्याची व पूर्ववृत्ताची पडताळणी होणे आणि त्याने विहित प्रशिक्षण घेतलेले असणे आवश्यक आहे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत १०० तासांचे वर्गशिक्षण व ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सुचविले होते. सैन्य वा पोलीस दलाच्या गणवेशाशी साम्य असलेला पोशाख रक्षकाने वापरणे हाही गुन्हा आहे.

या अधिनियमात 'बाउन्सर' असा स्वतंत्र प्रवर्ग नाही. शिवाय त्याचा मुख्य रोख सेवा पुरविणाऱ्या संस्थांवर आहे. एखाद्या मद्यालयाच्या मालकाने संस्थेला वगळून एखाद्यास थेट नोकरीवर ठेवले, तर तो रक्षक परवाना पद्धतीच्या कक्षेत सहजासहजी येत नाही.

बळाच्या वापराची मर्यादा

बाउन्सरने केलेल्या बळाच्या वापरास स्वसंरक्षणाचाच आधार असू शकतो. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यास हा हक्क मुभा देत नाही. ग्राहक बाहेर गेल्यावर त्याला रस्त्यावर गाठून मारहाण करणे हा म्हणूनच सरळ गुन्हा ठरतो.

आपल्या समक्ष अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा घडल्यास कोणताही नागरिक गुन्हेगारास पकडू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार अशा व्यक्तीस विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. देयकाच्या वादावरून ग्राहकास खोलीत कोंडून ठेवण्याचा अधिकार मात्र कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

आंबोली प्रकरण

२० ऑक्टोबर २०११ च्या रात्री अंधेरी (पश्चिम) येथील आंबोली भागात एका उपाहारगृहाबाहेर कीनन सँटोस व रुबेन फर्नांडिस हे तरुण मित्रमैत्रिणींसह उभे होते. सोबतच्या तरुणींची छेड काढणाऱ्यांना त्यांनी हटकले. छेड काढणारे निघून गेले आणि थोड्याच वेळात साथीदारांसह शस्त्रे घेऊन परतले. त्यांनी केलेल्या हल्ल्यात कीनन यांचा त्याच रात्री मृत्यू झाला. रुबेन यांचे ३१ ऑक्टोबर रोजी रुग्णालयात निधन झाले. हल्ला वर्दळीच्या रस्त्यावर होऊनही आसपासच्या लोकांपैकी कोणी मदतीस धावले नाही, ही बाब वृत्तांमधून पुढे आली आणि लोकांच्या मनाला ती सर्वाधिक लागली.

या घटनेनंतर मुंबईत मेणबत्ती मोर्चे निघाले, समाजमाध्यमांवर स्वाक्षरी मोहिमा झाल्या आणि जलदगती न्यायालयाची मागणी झाली. मृतांच्या कुटुंबीयांनी व मित्रांनी छेडछाडीविरुद्ध 'झिरो टॉलरन्स' या नावाने मोहीम चालविली. प्रतिक्रियांमध्ये दोन सूर होते. छेडछाड हा किरकोळ प्रकार मानण्याची वृत्तीच हत्येपर्यंत पोहोचते, असे एक मत होते. बघ्यांना दोष देण्याआधी साक्षीदारांना वाटणारी भीती आणि पोलिसांचा ससेमिरा यांचा विचार करावा, असे दुसरे मत होते.

खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांनी काम पाहिले. ५ मे २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने चारही आरोपींना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. घटना ते निकाल हा काळ साडेचार वर्षांचा होता.

बघ्यांची व साक्षीदारांची भूमिका

संकटातील अपरिचितास वाचविण्यासाठी स्वतः झुंजण्याची सक्ती भारतीय कायदा सामान्य नागरिकावर करत नाही. मात्र खुनासारख्या गंभीर गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४अ (२०१९ ची दुरुस्ती) केवळ रस्ते अपघातांना लागू आहे. चाकूहल्ल्यातील जखमीस रुग्णालयात नेणारा माणूस त्यात येत नाही. साक्षीदार संरक्षण योजनेस सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली.

महाराष्ट्र व गोव्यातील इतर घटना

१ जानेवारी २००८ च्या पहाटे जुहू येथील एका हॉटेलाबाहेर जमावाने दोन महिलांचा विनयभंग केला. वृत्तछायाचित्रकारांनी टिपलेली चित्रे प्रसिद्ध झाल्यावर संताप उसळला आणि आरोपींना अटक झाली. ही घटनाही आंबोलीप्रमाणेच आस्थापनेच्या आत नव्हे, तर दाराबाहेर घडली होती.

सुरक्षेच्या नावाखाली पाळत किती ठेवावी, हा प्रश्न डान्स बारच्या खटल्यात आला. २०१६ च्या महाराष्ट्र अधिनियमाखालील सीसीटीव्हीची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी खासगीपणाच्या हक्काचा भंग म्हणून रद्द केली.

जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील अनिवासी भागांत मॉल व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास मान्यता दिली. मद्यविक्रीची रात्री दीडची मर्यादा कायम राहिली. समर्थकांनी रोजगारवाढीकडे, तर विरोधकांनी पोलिसांवरील ताणाकडे लक्ष वेधले.

गोव्यात जून २०२४ मध्ये आसगाव येथे बाउन्सरांच्या उपस्थितीत एक राहते घर अंशतः पाडण्यात आले. त्यानंतर राज्यभर निषेध झाला आणि रात्रजीवनाबाहेर, जमिनीच्या वादात बाउन्सरांच्या होणाऱ्या वापरावर नियंत्रण आणण्याची मागणी पुढे आली.

इतर देश

ब्रिटनमध्ये २००१ च्या खासगी सुरक्षा उद्योग अधिनियमानुसार द्वाररक्षकास वैयक्तिक परवाना घ्यावा लागतो व तो कामावर असताना दिसेल असा लावावा लागतो. परवाना संस्थेसच नव्हे तर व्यक्तीस असल्याने गैरवर्तन करणाऱ्यास थेट व्यवसायाबाहेर काढता येते.

ऑस्ट्रेलियाचे माजी कसोटीपटू डेव्हिड हूक्स यांचा मेलबर्नमधील एका हॉटेलाबाहेर सुरक्षारक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर १९ जानेवारी २००४ रोजी मृत्यू झाला. २००५ मध्ये ज्यूरीने रक्षकास निर्दोष ठरविले. सिडनीत रस्त्यावरील एकाच ठोशाने झालेल्या दोन तरुणांच्या मृत्यूंनंतर २०१४ मध्ये रात्री दीडनंतर नवा प्रवेश बंद व तीननंतर मद्य बंद असे नियम लागू झाले. व्यवसायांचे नुकसान होत असल्याच्या तक्रारींनंतर ते २०२० व २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आले.

चर्चेतील मुद्दे

वरील घटनांत लोकांचा रोष कधी बघ्यांवर, कधी पोलिसांवर, तर कधी बाउन्सरांवर गेलेला दिसतो. कायद्याच्या दृष्टीने पाहता रक्षकाची नेमणूक दारापर्यंत असते आणि रस्ता पोलिसांच्या अखत्यारीत येतो. भांडण आत सुरू होऊन बाहेर ढकलले गेले, अथवा दारासमोरच घडले, तर आस्थापनेने किती पावलांपर्यंत जबाबदारी घ्यावी हे स्पष्ट नाही. थेट नोकरीवरील रक्षकांची नोंदणी, हातघाईऐवजी संवादावर भर देणारे प्रशिक्षण, गर्दी पांगेपर्यंत दारासमोरील जागेवर देखरेख आणि जवळच्या पोलीस ठाण्याशी थेट संपर्क हे उपाय या संदर्भात सुचविले जातात. दुसरीकडे, अपुरे वेतन, रात्रपाळी व मद्यपी ग्राहकांचे हल्ले यांमुळे रक्षक स्वतःही हिंसेचे बळी ठरतात; म्हणून नियमनाबरोबर त्यांच्या कल्याणाचा विचार करणारा १९८१ चा दृष्टिकोन आजही उपयुक्त मानला जातो.

हे सुद्धा पहा

स्वसंरक्षणाचा हक्क
भारतीय न्याय संहिता
मुंबई पोलीस
छेडछाड