नोंदवहीपासून पोर्टलपर्यंत : रायगडच्या किनारपट्टीवरील आरोग्यनोंदींचे संगणकीकरण

गावपातळीवरील आरोग्यसेविकेचे काम म्हटले की लस टोचणे, गरोदर मातेची तपासणी, तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना घेणे अशी दृश्ये डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात तिच्या दिवसाचा मोठा वाटा लिहिण्यात जातो. पात्र जोडप्यांची वही, गरोदर मातांची वही, लसीकरणाची वही, साथरोगांचा तक्ता, औषधसाठ्याची नोंद, मासिक अहवाल. गेल्या वीस वर्षांत या वह्यांच्या शेजारी संगणक आला, मग टॅब्लेट आला, मग स्वतःचा मोबाइल आला. वह्या मात्र फारशा कमी झाल्या नाहीत. सरकारी आरोग्य व समाजकल्याण यंत्रणेच्या आधुनिकीकरणाचा विचार करताना हे वास्तव आधी ध्यानात घ्यावे लागते. त्यासाठी रायगडच्या किनारपट्टीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१ जानेवारी १९८१ रोजी 'कुलाबा'चा 'रायगड' झालेला हा जिल्हा १५ तालुक्यांचा आहे. २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २६,३४,२०० होती. उरण, अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन हे तालुके थेट समुद्रावर, तर पेण, रोहा, तळा, म्हसळा हे खाड्यांच्या काठी. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी किनारा असा चिरलेला आहे की नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारे गाव रस्त्याने दोन-दोन तासांवर असते. श्रीवर्धनहून जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला यायचे तर खाडीला वळसा घालून शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास, नाहीतर दिघी-आगरदांडा फेरीबोट. उरण तालुक्यातच मोडणाऱ्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! देशात आरोग्याची 'ऑनलाइन' पोर्टले सुरू होऊन तोवर जवळजवळ दहा वर्षे लोटली होती. संगणकीकरणाचे आराखडे आखताना वीज आणि जोडणी गृहीत धरली जाते. किनाऱ्यावर त्या गृहीतकापासूनच अडचणी सुरू होतात.

नोंदीचे मोल काय असते हेही याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यापुढे लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे, विशेषतः मुले, होती. दंशानंतर घाम कधी सुटतो, नाडीची गती कशी बदलते, रक्तदाब कधी चढतो, फुप्फुसात पाणी कधी साचते हे त्यांनी रुग्णाशेजारी बसून लिहून ठेवले. त्या हस्तलिखित निरीक्षणांवर आधारलेले त्यांचे लेखन १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगद्विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळी संगणक नव्हता. पण नोंद करणारा आणि नोंदीचा उपयोग करणारा माणूस एकच होता. पुढील साऱ्या विवेचनाची किल्ली या एका वाक्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आकडेवारीची भूक एकाएकी वाढली. ऑक्टोबर २००८ मध्ये केंद्राचे 'एचएमआयएस' अर्थात आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचे पोर्टल सुरू झाले. आरंभी त्यात जिल्ह्याचा एकत्रित आकडा भरला जाई. २०११ पासून प्रत्येक आरोग्य संस्थेचा स्वतंत्र आकडा भरणे आले. मात्र ही प्रणाली केवळ बेरजा ठेवते. या महिन्यात किती प्रसूती झाल्या हे ती सांगते. कोणाची राहिली हे सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २००९ मध्ये माता व बालकांचा नावानिशी माग ठेवणारी 'एमसीटीएस' ही योजना आली. गरोदर स्त्रीची नोंद झाली की तिच्या शेवटच्या मासिक पाळीच्या तारखेवरून तपासण्यांच्या व प्रसूतीच्या संभाव्य तारखा संगणक काढून देणार आणि सेविकेच्या हाती 'या आठवड्यात कोणाकडे जायचे' याची यादी पडणार, अशी ही कल्पना. कल्पना उत्तम होती. तिची जागा पुढे टप्प्याटप्प्याने 'आरसीएच' पोर्टलने घेतली आणि २०१६ मध्ये सेविकांसाठी 'अनमोल' हे ॲप आले.

प्रत्यक्षात यादी छापून हातात पडण्याऐवजी वहीतील मजकूर पुन्हा संगणकात भरण्याचे काम तेवढे वाढले. उपकेंद्रात जोडणी नसेल तर वह्या घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे, तेथील डेटा एंट्री ऑपरेटरकडून नोंदी करून घ्यायच्या, सर्व्हर 'डाऊन' असेल तर परत यायचे. नोंद होईपर्यंत जिच्याकडे जायचे ती बाळंत झालेली असे. ज्या नोंदीचा उपयोग ती करणाऱ्यालाच होत नाही, ती नोंद हळूहळू केवळ वरच्या कार्यालयासाठी केलेला सोपस्कार बनते. 'आकडे जुळवणे' हा शब्दप्रयोग आरोग्य खात्यात रूढ झाला तो उगाच नव्हे.

साथरोगांच्या बाबतीत मात्र सुधारणा खरी आणि जाणवण्याजोगी आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात सेविकेने संशयित रुग्णांचा 'एस', डॉक्टरने संभाव्य रुग्णांचा 'पी' आणि प्रयोगशाळेने निश्चित निदानाचा 'एल' असा तक्ता दर आठवड्याला भरायचा असे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचे दोन रुग्ण सोमवारी आढळले, तर ते जिल्ह्याच्या तक्त्यात पुढच्या आठवड्यात उमटत. नोव्हेंबर २०१८ मध्ये सात राज्यांत आणि एप्रिल २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या 'आयएचआयपी' या नव्या व्यासपीठावर गाववार, नकाशासह आणि जवळपास रोजच्या रोज नोंद होते. खाडीकाठच्या एका वाडीत अतिसाराचे पाच रुग्ण झाले, तर विहिरीत त्याच दिवशी क्लोरिन टाकता येणे हा या बदलाचा अर्थ आहे.

दुसरा मोठा प्रयोग विम्याचा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, मुंबई शहर व मुंबई उपनगर यांच्या बरोबरीने रायगडचा समावेश होता. राज्यभर ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आणि त्यात कागद जवळपास नाही, असे तिचे स्वरूप होते. रुग्णालयातील आरोग्यमित्राने शिधापत्रिकेचा क्रमांक तपासायचा, रुग्णाचे छायाचित्र व तपासण्यांचे अहवाल संगणकावर चढवायचे, दूर बसलेल्या डॉक्टरांनी ते पाहून पूर्वपरवानगी द्यायची आणि रुग्णालयाला पैसेही ऑनलाइनच मिळायचे. सरकारी कारभारात असा आरंभापासून शेवटपर्यंत संगणकावर चालणारा व्यवहार त्या काळी नवलाचाच होता. २०२३ मध्ये विम्याची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली करण्याचा निर्णय झाला.

परंतु पडद्यावरची परवानगी काही मिनिटांत मिळाली तरी शस्त्रक्रियेची मोठी रुग्णालये पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यात. मुरूडच्या कोळीवाड्यातील हृदयरुग्णासाठी योजनेचा खरा अडसर संगणक नसून अंतर हा होता. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेने तो काही अंशी कमी केला. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले, त्यामुळे पुढील काळात चित्र बदलावे, अशी अपेक्षा आहे.

आता या यंत्रणेच्या रचनेकडे वळू, कारण बहुतेक अडचणींचे मूळ तेथे आहे. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये राज्य शासनाची, तेथे जिल्हा शल्यचिकित्सकांचा अंमल. अंगणवाड्या महिला व बालकल्याण विभागाच्या. आदिवासी आश्रमशाळा पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलदारांकडे. पनवेलमध्ये ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका, म्हणजे आणखी एक यंत्रणा. प्रत्येकाचे पोर्टल निराळे, परवलीचा शब्द निराळा. गरोदर स्त्री मात्र एकच! आरोग्य खात्याच्या 'आरसीएच'वर तिचे नाव एका स्पेलिंगने, अंगणवाडीच्या 'पोषण ट्रॅकर'वर दुसऱ्या, मातृवंदना योजनेसाठी आधारवर असेल त्या तिसऱ्या आणि बँकेच्या पासबुकात माहेरच्या आडनावाने. पहिल्या खेपेच्या मातेला २०१७ पासून मिळणारे पाच हजार रुपये अडतात ते अनेकदा या जुळणीपायी. क्षयरुग्णांच्या 'निक्षय' पोर्टलवर २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये थेट खात्यात देण्याची सोय आहे; तेथेही खात्याचा क्रमांक चुकला की औषध मिळते, पैसे मिळत नाहीत. नोंदीतील एका अक्षराला अशी किंमत आल्यावर ती नोंद करणाऱ्याच्या अंगावर केवढी जबाबदारी येते, याचा विचार पोर्टल तयार करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

अंगणवाडी सेविकांचा अनुभव या दृष्टीने नोंदवून ठेवण्याजोगा आहे. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आले तेव्हा त्यात मराठीची सोय नव्हती आणि सरकारने दिलेल्या मोबाइलची क्षमता ॲपला पुरत नव्हती. त्या वर्षी ऑगस्टपासून राज्यभरातील हजारो सेविकांनी ते मोबाइल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन ठेवले. हे आंदोलन यंत्राविरुद्धचे नव्हते. तिसरी-चौथीपासून मराठीत वह्या लिहीत आलेल्या स्त्रीला इंग्रजी रकाने भरायला लावून चूक झाली की मानधन कापण्याची भीती दाखवणे हे आधुनिकीकरण नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते रास्त होते. भाषेची सोय पुढे झाली. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर ओळखून घेण्याची अट आली, आणि जोडणी नसलेल्या वाड्यांचा जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा पुढे आला.

जोडणी तुटते म्हणजे काय होते, हे किनाऱ्याने ३ जून २०२० रोजी पाहिले. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अलिबागच्या दक्षिणेस धडकले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग तालुक्यांत विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे जमीनदोस्त झाले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. करोनाच्या साथीचे ते दिवस. रुग्णांची, तपासण्यांची, विलगीकरणाची माहिती दररोज ऑनलाइन भरावी, असा शिरस्ता होता. त्या दिवसांत उपयोगी पडल्या त्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीतील वह्या आणि मातांच्या हातातील माता-बाल संरक्षण कार्डे. पोपळीच्या बागा आडव्या झालेल्या गावात कोणती स्त्री नवव्या महिन्यात आहे, कोणाला मधुमेहाची गोळी लागते हे आशाला तोंडपाठ होते. म्हणून संगणक नको असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. जोडणी नसताना यंत्रातच नोंद राहावी आणि जोडणी येताच ती आपोआप वर जावी, ही सोय किनाऱ्यासाठी ऐच्छिक नाही, पहिली अट आहे.

सर्वांत अवघड प्रश्न कातकरी समाजाचा. पावसाळा आणि भातकापणी आटोपली की दिवाळीनंतर पेण, रोहा, सुधागड, माणगाव भागांतील वाड्याच्या वाड्या वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवर निघून जातात, त्या थेट पावसाच्या तोंडावर परततात. 'आरसीएच'मध्ये नाव उपकेंद्राशी बांधलेले. माणूस सहा-सात महिने दुसऱ्याच जिल्ह्यात किंवा राज्यात. वाडीच्या यादीत बालक 'लसीकरण अपूर्ण' आणि भट्टीच्या गावी ते कोणाच्याच यादीत नाही. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी 'महा-एमटीएस' प्रणाली आणली, ती हे दुखणे ओळखूनच. मात्र भट्टीवरच्या अंगणवाडी सेविकेने ते कुटुंब आपले मानले, तरच पडद्यावरील स्थलांतराची नोंद आहाराच्या पाकिटात उतरते. लसीकरणाची 'यू-विन' ही नवी व्यवस्था कोणत्याही गावी घेतलेला डोस एकाच खात्यात दाखवते, हा त्यातल्या त्यात मोठा दिलासा.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची दिशाही हीच आहे. 'आभा' हा १४ अंकी क्रमांक एकदा मिळाला की उपकेंद्रातील रक्तदाबाची नोंद अलिबागच्या रुग्णालयात आणि तेथील निदान मुंबईत रुग्णाच्या संमतीने दिसावे, ही त्यामागची कल्पना. यातील 'संमतीने' हा शब्द महत्त्वाचा. छोट्या गावात क्षय, एचआयव्ही किंवा गर्भपाताची नोंद कोणाच्या नजरेस पडते यावर एखाद्या स्त्रीचे संसारातील स्थान ठरू शकते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. पण ओटीपी मागण्यापूर्वी तो कशासाठी हे रुग्णाला मराठीत समजावून सांगणे कायद्याने आपोआप होत नाही. आभा क्रमांक किती काढले याची उद्दिष्टे तालुक्यांना दिली जातात. त्या क्रमांकावर किती नोंदी जोडल्या गेल्या आणि पुढच्या डॉक्टरने त्यांतील किती उघडून पाहिल्या, हा आकडा अधिक अर्थपूर्ण ठरेल.

ब्रिटनने २००२ मध्ये आपल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी आखलेला अब्जावधी पौंडांचा संगणकीकरण प्रकल्प २०११ मध्ये गुंडाळला. वरून आखलेली एकच प्रणाली सर्व रुग्णालयांच्या माथी मारणे हे त्याच्या अपयशाचे प्रमुख कारण मानले जाते. महाराष्ट्रातही अनेक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील रुग्णालय व्यवस्थापनाची संगणक प्रणाली २०२२ मध्ये बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. त्यानंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'ई-हॉस्पिटल' प्रणालीकडे वळण्यात आले. कंत्राट संपले की रुग्णांच्या जुन्या नोंदी कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या स्वरूपात राहणार, हे कंत्राट करतानाच लिहून घेणे त्यामुळे अगत्याचे झाले आहे. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रापासून अलिबागच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतच्या नोंदी एकमेकींशी बोलाव्यात, असे वाटत असेल, तर नवे पोर्टल सुरू करण्याच्या प्रत्येक आदेशात 'या पोर्टलमुळे कोणती वही बंद होईल' असा एक रकाना असावा. तसा आदेश निघाल्याचे अद्याप ऐकिवात नाही.