महाडचें कारस्थान व कुमकेचा खर्च
(इ. स. १७९६)

नाना फडणिसांचें महाडचें कारस्थान इतिहासवाचकांस अपरिचित नाहीं. नानांची बुद्धि किती खोल होती याचा दाखला म्हणून तें बहुधा सांगितलें जातें. इ. स. १७९६ च्या उन्हाळ्यांत ज्या पुरुषास पुणें सोडून घाटाखालीं आश्रय शोधावा लागला, तोच वर्ष संपण्यापूर्वीं कारभारी म्हणून पुण्यांत परतला, ही गोष्ट नवलाची खरीच. परंतु त्या नवलापुढें प्रकरणाची एक बाजू झांकून जाते. ती बाजू जमाखर्चाची. एका गादीच्या बंदोबस्तासाठीं अनेक दरबारांची कुमक एकत्र आणावयाची, तर तिचा खर्च कोणीं, कशांतून व कोणत्या हमीवर द्यावयाचा, हा प्रश्न महाडास उपस्थित झाला. त्याचें जें उत्तर तेथें ठरलें त्यांतच पुढील सहा वर्षांच्या अनर्थाचें बीज होतें, असें आमचें मत आहे. तें या लेखांत मांडतों.

प्रथम स्थलाविषयीं दोन शब्द. महाड हें सावित्रीकांठचें जुनें व्यापारी बंदर. त्याच्या उत्तरेस रायगड; पूर्वेस सह्याद्रीची भिंत व तिच्या पायथ्याशीं तळीयासारखीं उतारावर वसलेलीं गांवें; आग्नेयेस पोलादपूर व त्याच्या वरतीं प्रतापगड. देशावरून येणाऱ्या फौजेस वरंध, पार अशा घाटांनींच उतरणें भाग. पावसाळ्यांत तेंही कठीण. खालीं नदीचें मुख समुद्राकडे उघडें. अशा जागीं बसलेल्या मुत्सद्द्यास वेळ मिळतो, आणि नानांस त्या वर्षीं वेळच हवा होता.

याच नदीच्या मुखाशीं परकी कुमकेची किंमत एकदां पूर्वीं मोजली गेली होती. तुळाजी आंग्ऱ्यास मोडण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं मुंबईकर इंग्रजांचें आरमार मदतीस घेतलें. इ. स. १७५५ त सुवर्णदुर्ग व १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्ग पडला. ता. १२ आक्टोबर १७५६ च्या तहानें विजयदुर्ग पेशव्यांकडे आला व त्याच्या बदल्यांत बाणकोट आणि आसपासचीं कांहीं गांवें इंग्रजांकडे गेलीं. आंग्रे बुडाला, पण त्याबरोबर मराठी आरमाराचा कणाही मोडला. कुमकेचें बिल रुपयांत थोडें व भूमींत आणि बळांत फार, असा तो व्यवहार होता.

आतां मूळ प्रकरणाकडे वळूं. ता. २७ आक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव पेशवे निपुत्रिक वारले. राघोबादादांचे पुत्र बाजीराव व चिमाजी आपा शिवनेरीस कैदेंत होते. बाजीरावास गादी मिळूं नये अशी नानांची प्रथम इच्छा. पुढें त्यालाच आणण्याचा बेत झाला व परशुरामभाऊ पटवर्धनांनीं त्यास पुण्यास आणिलें. परंतु दौलतराव शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांनीं भाऊंस वळवून घेऊन बाजीरावास अटकेंत ठेविलें व १७९६ च्या मे महिन्यांत चिमाजी आपास वस्त्रें देवविलीं. नाना पुरंदर, सातारा, वाई असे सरकत सरकत शेवटीं घाट उतरून महाडास आले. त्यांनीं प्रतापगडावर शिबंदी भरली, रायगड लढण्याजोगा केला, घाट अडविले आणि मग पत्रें लिहावयास बसले.

त्या पत्रांचें फळ असें. हैदराबादचे दिवाण मुशीरुल्मुल्क खर्ड्याच्या तहापासून पुण्यांत ओलीस होते. त्यांच्या द्वारें निजामाशीं ता. ८ आक्टोबर १७९६ रोजीं करार ठरला. त्यांतील मुद्दा हा कीं, खर्ड्यास मराठ्यांनीं घेतलेला मुलूख परत द्यावा व देण्याची बाकी माफ करावी, आणि निजामानें नानांच्या बेतास साह्य करावें. नागपूरकर रघोजी भोसल्यांस तयारीसाठीं १५ लक्ष रुपये, शिवाय मंडलाप्रांत व चौरागड किल्ला देऊं केला. दौलतराव शिंद्यांनीं बाळोबास कैद करावें, बाजीरावास गादीवर बसवावें व आपली फौज घेऊन उत्तरेकडे जावें. याबद्दल परशुरामभाऊंची जहागीर, अहमदनगरचा किल्ला आणि १० लक्षांचा मुलूख त्यांस मिळावा असें ठरलें. तुकोजी होळकर नानांस अनुकूल होतेच. करवीरकर छत्रपतींस पटवर्धनांच्या मुलखावर चाल करण्यास सुचविण्यांत आलें. कंपनी सरकार सर जान शोर यांच्या धोरणाप्रमाणें लढाईपासून अलिप्त होतें.

ही यादी सहज वाचली तर दानशूराची वाटते. हिशेबनिसाच्या डोळ्यांनीं वाचली म्हणजे निराळी दिसते. हीतील रकमांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग रोकडीचा, म्हणजे भोसल्यांचे १५ लक्ष. ही नालबंदीसारखी अगाऊ रक्कम. हिच्यावांचून घोडा हलत नाहीं. दुसरा वर्ग सरकारी मुलखाचा व किल्ल्यांचा. हा राज्याच्या मुद्दलांतून काढून द्यावयाचा होता, उत्पन्नांतून नव्हे. तिसरा वर्ग सर्वांत चमत्कारिक, कारण तो दुसऱ्याच्या मालकीचा. परशुरामभाऊंची जहागीर शिंद्यांस द्यावयाची, तर ती आधीं भाऊंपासून हिरावून घेतली पाहिजे. खर्ड्याची बाकी निजामास सोडावयाची, तर ती बाकी कोणाची? ता. ११ मार्च १७९५ चा खर्ड्याचा जय पेशवे, शिंदे, होळकर व भोसले या सर्वांच्या फौजांनीं मिळून संपादिला होता, आणि त्या फौजांचे सेनापति हेच परशुरामभाऊ होते. सुमारें तीन कोटींचा तो करार सर्वांची सामाईक कमाई होय. ती एकट्या कारभाऱ्यानें एका सहकाऱ्याची मर्जी राखण्यासाठीं खर्ची घातली. म्हणजे कुमकेस येणाऱ्यांपैकीं एकास जें दिलें तें इतर कुमककऱ्यांच्याच वांट्यांतून दिलें.

दुसरें असें कीं, वचन देणारा अधिकारावर नव्हता. ज्याच्या नांवानें वचनें दिलीं तो बाजीराव शिंद्यांच्या पहाऱ्यांत होता. बाळोजी कुंजराच्या मार्फत त्याचें नानांशीं संधान होतें हें खरें. परंतु संधान म्हणजे शिक्का नव्हे. सर्व वचनांची हमी एवढीच कीं, काम फत्ते झालें तर नाना कारभारी होतील व कारभारी झाले म्हणजे देतील.

काम फत्ते झालें. आक्टोबराअखेर शिंद्यांनीं बाळोबास पकडलें. परशुरामभाऊ चिमाजीस घेऊन निघाले ते जुन्नराकडे सांपडले. नाना नोव्हेंबरांत पुण्यास आले. डिसेंबरांत बाजीरावास वस्त्रें मिळालीं. एवढ्या मोठ्या उलाढालींत मोठी लढाई एकही झाली नाहीं. येथपर्यंत नानांची स्तुति करणारे बरोबर आहेत. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे: बिलें कशीं चुकतीं झालीं?

निजामाचें बिल चुकलेंच नाहीं. बाजीरावानें महाडचा करार मान्य करण्याचें नाकारिलें. मुशीरुल्मुल्क १७९७ च्या जुलैंत रुष्ट होऊन हैदराबादेस निघून गेले. पुढें ता. १ सप्टेंबर १७९८ रोजीं निजामानें इंग्रजांशीं तह करून सहा पलटणींच्या तैनाती फौजेबद्दल सालीना २४,१७,१०० रुपये देण्याचें कबूल केलें. मराठ्यांच्या वचनावर विसंबलेल्या दरबारानें नियमित हप्ता देऊन नियमित फौज विकत घेतली. हा बदल केवळ महाडच्या फसवणुकीमुळें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. खर्ड्यास इंग्रजांनीं मदत न केल्याचा रागही हैदराबादेस होता, तरीही दिवाण परत त्यांच्याकडेच वळले. तेव्हां पुण्याचा भरंवसा किती उतरला होता याचें माप यावरून निघतें.

शिंद्यांचें बिल पुणेंकर रयतेनें भरलें. बाजीरावानें स्वतः निराळें दोन कोटींचें वचन शिंद्यांस दिलें होतें, फौजेचा पगार तुंबला, तिजोरी रिकामी. मग शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांस शहरांतून पैसा काढण्याची मोकळीक मिळाली व १७९८ सालीं पुण्याच्या सावकारांवर व गृहस्थांवर जो जुलूम झाला तो प्रसिद्धच आहे. त्यापूर्वींच, ता. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं, शिंद्यांच्या छावणींत खुद्द नानांस दग्यानें कैद करण्यांत आलें. ज्या फौजेनें त्यांस महाडाहून वर आणिलें तिच्याच गोटांत ते अडकले. अहमदनगरचा किल्ला शिंद्यांकडे गेला, तो ता. १२ आगस्ट १८०३ रोजीं जनरल वेलस्लीनें जिंकून घेतला. एकट्या भोसल्यांस मंडला १७९९ त प्रत्यक्ष मिळाला. ता. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले आणि उरलेल्या वचनांस धनी राहिला नाहीं.

यानंतर महाड पुन्हां एकदां इतिहासांत येतें, तें याच हिशेबाचा शेवट पाहण्यासाठीं. ता. २५ आक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरानें शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडिल्या. बाजीराव सिंहगडावरून घाट उतरून महाडास आला. सहा वर्षांपूर्वीं नानांनीं ज्या गांवांतून चार दरबारांस पत्रें लिहिलीं, तेथून आतां एकच पत्र गेलें, मुंबईस, जहाजें पाठवा म्हणून. ता. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें कंपनीनें सहा हजार पायदळ व तोफा पुरवाव्या, आणि त्यासाठीं पेशव्यांनीं २६ लक्षांचा मुलूख तोडून द्यावा, असें ठरलें. त्याच तहानें निजामाशीं असलेल्या देण्याघेण्याचा निवाडा कंपनीकडे गेला. महाडास जी बाकी नानांनीं सोडली व बाजीरावानें पुन्हां धरली, तिचा न्याय शेवटीं तिसऱ्याच्या कचेरींत.

दोन्ही व्यवहार शेजारीं ठेवून पाहावे. १७९६ त कुमक अनेकांची, हमी कोणाचीच नाहीं. १८०२ त कुमक एकाची, हमी पक्की. पहिल्यांत पगार थकला म्हणून फौज यजमानावर उलटली. दुसऱ्यांत पगार वेळेवर मिळाला, पण यजमान बदलला. स्वतःच्या तिजोरींतून जो शिपायास पोसीत नाहीं, त्याच्या घराचें रक्षण होतें, घर मात्र त्याचें राहत नाहीं.

ही अडचण केवळ मराठी मुलखाची नव्हे. त्याच सुमारास, ता. १९ एप्रिल १७९४ रोजीं, हेग येथें इंग्लंड व हालंड यांनीं प्रशियाच्या ६२,४०० सैनिकांचा खर्च आपणांकडे घेतला व महिन्यास ५०,००० पौंड देण्याचें ठरविलें. प्रशियाचें लक्ष पोलंडांत, ऱ्हाईनवर फौज हलेना, पैसे थांबले, आणि एप्रिल १७९५ त बाझेल येथें प्रशियानें फ्रान्साशीं परभारें तह केला. आमच्या काळीं युरोपांतील सत्तावीस राज्यांच्या संघानें मार्च २०२१ त याच कामासाठीं एक सामाईक निधि उभारिला. संघाच्या नेहमींच्या अंदाजपत्रकांतून लष्करी खर्च करण्यास त्यांच्या मूळ तहाची मनाई, म्हणून हा निधि वेगळा. प्रत्येक राज्याची वर्गणी त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणांत. आफ्रिकेंतील शांतिरक्षक पथकांस व युक्रेनच्या सैन्यास त्यांतून साह्य झालें. आरंभीं सुमारें ५.७ अब्ज युरो असलेली मर्यादा २०२४ त १७ अब्जांवर गेली. संहारक शस्त्रें देण्यास ज्याचें मन घेत नाहीं, त्या राज्यानें आपली वर्गणी इतर साह्याकडे लावावी, अशीही सोय आहे. वर्गणीचें प्रमाण आधीं लिहून ठेवणें हा महाडपेक्षां मोठा फरक. परंतु सर्वांच्या संमतीवांचून रक्कम सुटत नाहीं व एकाच्या नकारानें ती अडून राहते, हें जुनें दुखणें तेथेंही आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, नानांस दुसरा उपाय काय होता? तिजोरी शत्रूच्या हातीं, फौज तुटपुंजी. वचन हेंच त्यांचें नाणें. हें आम्हांस मान्य आहे. नानांस दोष लावण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. परंतु नाणें खोटें ठरल्यावर तें पाडणाराची अडचण सांगून घेणाराचें समाधान होत नाहीं. आणि येथें शेवटचा घेणारा पुण्याचा सावकार व रयत होती, जिला कोणींच विचारलें नव्हतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. या प्रकरणाचा दरबारी पत्रव्यवहार पुष्कळ छापला गेला आहे. पण प्रतापगडची शिबंदी व रायगडची बेगमी यांस धान्य कोणीं दिलें, भर पावसाळ्यांत घाटावर वेठीस कोण गेलें, हा खर्च ज्यांनीं उचलला त्यांचे कागद महाड व पोलादपूर भागांतील देशमुख, कुळकर्णी, खोत यांच्या घरांतील रुमालांत शोधले पाहिजेत. ता. २२ जुलै २०२१ रोजीं तळीयेवर डोंगर कोसळला. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, घरें मातीखालीं गेलीं. पोलादपुराकडे केवनाळें व साखर-सुतारवाडी येथेंही तसेंच घडलें, व महाड पुरांत बुडालें. माणसांच्या हानीपुढें कागदांची गोष्ट काढणें संकोचाचें आहे, हें आम्ही जाणतों. तरी जीं घरें उभीं आहेत तेथील रुमाल पुढील पावसाळ्यापूर्वीं पाहून, नकला करून, मूळ कागद धन्याच्या हातीं परत देणें आपल्या हातचें आहे. दरबारांचे जमाखर्च दरबारांनीं राखले. घाटाखालच्या गांवांचा जमाखर्च आपण राखला पाहिजे.