नेव्हिल घराणे : सख्खे, सावत्र आणि वारसा

पंधराव्या शतकातील इंग्लंडविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात ‘घराणे’ हा शब्द पदोपदी आढळतो. १४५५ ते १४८७ या काळात लँकेस्टर आणि यॉर्क या दोन राजघराण्यांत सिंहासनासाठी जी यादवी झाली, तिला ‘गुलाबांची युद्धे’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे नाव एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. या राजघराण्यांच्या मागे सरदारांची घराणी आपापल्या परंपरेनुसार उभी राहिली, असे विधानही ओघानेच केले जाते. ‘नेव्हिल घराणे यॉर्क पक्षाचे होते’ हे त्यांतील बहुधा सर्वांत प्रचलित विधान होय. वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल, म्हणजेच इतिहासात ‘राजे घडविणारा’ म्हणून ओळखला जाणारा पुरुष, या घराण्यातील असल्यामुळे ते सहज पटते. परंतु याच घराण्याची ज्येष्ठ शाखा लँकेस्टरच्या बाजूने लढली. एकाच नावाची माणसे परस्परांविरुद्ध शस्त्र घेऊन उभी असताना ‘घराणे’ हे कारण म्हणून पुढे करता येईल काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम नावाकडे पाहू. ‘नेव्हिल’ हे नाव नॉर्मन फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘नवे गाव’ असा होतो. पण ज्यांनी ते पुढे गाजविले, त्यांचा पुरुषवंश नॉर्मन नव्हता. डरॅम परगण्यातील रेबीचा स्वामी रॉबर्ट फिट्झमॅल्ड्रेड हा जुन्या इंग्रज कुळातील होता. त्याची पत्नी इझाबेल द नेव्हिल हिच्याकडे तिच्या माहेरची मालमत्ता आली आणि त्यांचा पुत्र जेफ्री याने तेराव्या शतकात आईचे नाव धारण केले. म्हणजे या घराण्याचे नावच मुळी मालमत्तेबरोबर आलेले आहे. रक्त एका कुळाचे, नाव दुसऱ्या कुळाचे, आणि दोहोंना जोडणारा दुवा वारशाचा, ही स्थिती आरंभापासूनच होती.

घराण्याच्या उत्कर्षाचा आणि दुहीचा मूळ पुरुष एकच, तो म्हणजे राल्फ नेव्हिल. दुसऱ्या रिचर्ड राजाने १३९७ मध्ये त्याला वेस्टमोरलंडचा अर्ल केले. तथापि दोन वर्षांनी रिचर्डला पदच्युत करून चौथा हेन्री गादीवर आला, तेव्हा राल्फ हेन्रीच्या बाजूस होता. राल्फचे दोन विवाह झाले. पहिली पत्नी मार्गारेट स्टॅफर्ड. दुसरी जोन बोफर्ट. दोघींपासून त्याला वीसहून अधिक अपत्ये झाली. स्टेनड्रॉप येथील चर्चमध्ये त्याची संगमरवरासारख्या शुभ्र दगडाची समाधी आहे. तिच्यावर राल्फच्या दोन्ही बाजूंस दोन्ही पत्नींच्या मूर्ती कोरल्या आहेत; पण जोनचे प्रत्यक्ष दफन तेथे झालेले नाही. ती लिंकन येथील कॅथीड्रलमध्ये आपल्या आईजवळ विसावली आहे.

जोनचे माहेर ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहास उलगडत नाही. लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट आणि कॅथरिन स्विनफर्ड यांची ही कन्या विवाहापूर्वी जन्मलेली होती. तिला व तिच्या भावंडांना पोपने १३९६ मध्ये आणि पार्लमेंटने १३९७ मध्ये औरसत्व बहाल केले. त्यामुळे चौथा हेन्री हा जोनचा सावत्र भाऊ आणि जोनचे पुत्र राजाचे भाचे ठरले. लँकेस्टर वंशाचे रक्त नेव्हिल घराण्यात आले ते या दुसऱ्या पत्नीच्या द्वारे. मार्गारेटच्या संततीत ते नव्हते.

त्या काळच्या इंग्लंडातील सरदारांत ज्येष्ठ पुत्राने पदवी व जमीन दोन्ही घ्यावीत असा नियम होता. राल्फने हयातीतच दस्तऐवज करून या नियमाला वळसा घातला. यॉर्कशरमधील मिडलहॅम व शेरिफ हटन, तसेच कंबरलंडमधील पेनरिथ ही महत्त्वाची ठाणी त्याने जोनच्या संततीकडे, आणि तीही पुरुषवारसांच्या ओळीतच जातील, अशी बांधून दिली. मार्गारेटचा ज्येष्ठ पुत्र जॉन १४२० मध्ये निवर्तला होता. १४२५ मध्ये राल्फ मृत्यू पावला, तेव्हा जॉनचा मुलगा, त्याचेही नाव राल्फच, दुसरा अर्ल झाला. तो अद्याप सज्ञान नव्हता. पदवी त्याच्या हाती आली, पण ती पेलण्यास लागणारी जमीन मोठ्या प्रमाणात सावत्र आजी आणि सावत्र चुलता यांच्याकडे गेली. हा चुलता म्हणजे जोनचा ज्येष्ठ पुत्र रिचर्ड, जो पुढे विवाहसंबंधाने सॉल्सबरीचा अर्ल झाला. १४३० ते १४४० या दशकात दोन्ही शाखांचा संघर्ष सशस्त्र जमाव गोळा करण्यापर्यंत गेला. जोन १४४० मध्ये वारली आणि १४४३ मध्ये तडजोड झाली. तीनुसार रेबी ज्येष्ठ शाखेकडे परतले. परंतु यॉर्कशरच्या जमिनी सॉल्सबरीकडेच राहिल्या. राजदरबारी जोनचा भाऊ कार्डिनल हेन्री बोफर्ट याचे वजन होते, हे लक्षात घेतले म्हणजे तडजोडीचे पारडे कोणीकडे झुकले याचे नवल वाटत नाही.

येथे एका भाषिक गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. पंधराव्या शतकातील इंग्रजीत ‘कझिन’ हा शब्द जवळच्या दूरच्या कोणत्याही आप्तास लावीत; राजा आपल्या प्रत्येक अर्लला पत्रातून तसेच संबोधीत असे. ‘अंकल’ या शब्दानेही चुलता, मामा, आत्याचा नवरा हे सारे एकत्र होतात. मराठीत मात्र नाते सांगताना ते आईकडून की बापाकडून, रक्ताने की विवाहाने, याचा निर्णय आधी करावा लागतो. हा निर्णय करीत गेलो की युद्धाचे चित्र पालटते.

जोनच्या मुलींचे विवाह देशातील थोर सरदारांशी झाले होते. सिसिली यॉर्कच्या ड्यूकला, एलिनॉर नॉर्थंबरलंडचा अर्ल हेन्री पर्सी याला, तर अ‍ॅन बकिंगहॅमच्या ड्यूकला दिलेली होती. अर्थात हे तिघे परस्परांचे साडू आणि सॉल्सबरीचे मेहुणे होते. उत्तरेत नेव्हिल आणि पर्सी यांच्यात वर्चस्वाची चढाओढ होती. २४ ऑगस्ट १४५३ रोजी यॉर्क शहराजवळ हीवर्थच्या माळावर पर्सींच्या जमावाने सॉल्सबरीच्या मुलाच्या लग्नाचे वऱ्हाड अडविले. वधू लॉर्ड क्रॉमवेलची पुतणी किंवा भाची, ज्या नात्याने असेल त्या नात्याने, त्याची वारस होती आणि पूर्वी पर्सींचे असलेले रेसल हे ठाणे क्रॉमवेलच्या हाती होते. जमावाचा पुढारी लॉर्ड एग्रिमंट हा एलिनॉरचाच मुलगा. म्हणजे भाचा मामावर चालून आला होता, आणि वादाचे मूळ पुन्हा जमिनीतच होते.

त्याच वर्षी दक्षिण वेल्समधील ग्लॅमॉर्गनच्या ताब्यावरून वॉरिकचा सॉमरसेटच्या ड्यूकशी कलह उद्भवला. सॉमरसेट हा जोनचा भाचा, राजाचा विश्वासू आणि वॉरिकच्या पत्नीच्या सावत्र बहिणीचा नवरा. वॉरिकची पत्नी अ‍ॅन बोशँप हिने मृत भावाची सख्खी बहीण या नात्याने सावत्र बहिणींना मागे सारून वारसा मिळविला होता. आता दरबार सॉमरसेटचा आणि उत्तरेत पर्सींशी वैर, अशा कोंडीत सॉल्सबरी व वॉरिक यांनी यॉर्कचा हात धरला. १४५४ च्या वसंतात यॉर्क राज्यरक्षक झाला आणि सॉल्सबरी चॅन्सेलर. तोपर्यंत ही शाखा लँकेस्टर दरबाराची कृपापात्र होती, हे विसरून चालणार नाही.

२२ मे १४५५ रोजी सेंट ऑल्बन्स येथे पहिली लढाई झाली. तीत सॉमरसेट आणि नॉर्थंबरलंड मारले गेले. एलिनॉरला वैधव्य आले ते भावाच्या, भाच्याच्या आणि मेहुण्याच्या सैन्याकडून. जुलै १४६० मध्ये नॉर्दम्प्टन येथे अ‍ॅनचा नवरा बकिंगहॅम आणि एलिनॉरचा मुलगा एग्रिमंट पडले. ३० डिसेंबर १४६० रोजी वेकफील्ड येथे यॉर्क मारला गेला आणि त्यापाठोपाठ सॉल्सबरीचा शिरच्छेद झाला. २९ मार्च १४६१ रोजी टाउटन येथे सिसिलीचा मुलगा, नवा राजा चौथा एडवर्ड, विजयी झाला. पराभूत सैन्याचा एक सेनापती, नॉर्थंबरलंडचा तिसरा अर्ल, एलिनॉरचा मुलगा म्हणजे एडवर्डचा सख्खा मावसभाऊ होता. तो या लढाईत पडला.

या काळात ज्येष्ठ शाखा कोठे होती? वेस्टमोरलंडचा दुसरा अर्ल स्वतः रणांगणापासून दूरच राहिला. पण त्याचा भाऊ जॉन लँकेस्टरच्या बाजूने उतरला. १४५९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या पार्लमेंटने सॉल्सबरी व वॉरिक यांना राजद्रोही ठरवून त्यांच्या जमिनी जप्त केल्या, आणि त्याच वर्षी जॉनला लॉर्ड नेव्हिल म्हणून पार्लमेंटात स्थान मिळाले. हातून गेलेले मिडलहॅम परत मिळण्याची शक्यता या शाखेस प्रथमच दिसली असावी, असे अनुमान करणे वावगे होणार नाही. जॉन टाउटनच्या मोहिमेतच कामास आला. आता विरोधाभास स्पष्ट होतो. ज्यांच्या अंगात लँकेस्टरचे रक्त होते, ते जॉन ऑफ गाँटचे नातू-पणतू यॉर्कसाठी लढले. आणि ज्यांचा त्या रक्ताशी संबंध नव्हता, ते लँकेस्टरसाठी. रक्ताचा हिशेब उलटा येतो. जमिनीचा हिशेब मात्र बरोबर जुळतो.

चौथ्या एडवर्डच्या राज्यात वॉरिकचे वैभव शिगेला पोहोचले, पण १४६४ मधील राजाच्या एलिझाबेथ वुडव्हिलशी झालेल्या विवाहानंतर मामेभाऊ-आतेभावांत अंतर पडत गेले. ११ जुलै १४६९ रोजी कॅले येथे वॉरिकने राजाच्या इच्छेविरुद्ध आपली मुलगी इझाबेल राजाचा भाऊ क्लॅरेन्स याला दिली. तो तिच्या बापाचा आतेभाऊ असल्याने पोपची अनुज्ञा घ्यावी लागली. त्याच महिन्यात एजकोटच्या लढाईनंतर राजा वॉरिकच्या कैदेत पडला आणि त्याला मिडलहॅमला नेण्यात आले. याच वेळी स्कॉटलंडच्या सीमेवर लँकेस्टरच्या नावाने बंड झाले. बंडाचा नायक ब्रॅन्स्पेथचा हंफ्री नेव्हिल, ज्येष्ठ शाखेचा, वॉरिकचा सावत्र नात्याने पुतण्या. राजा कैदेत असता वॉरिकच्या हाकेला सैन्य जमेना. बंड मोडण्यासाठी त्याला एडवर्डला मोकळे करणे भाग पडले. २९ सप्टेंबर १४६९ रोजी यॉर्क येथे हंफ्री आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांचा शिरच्छेद झाला. बंडखोर हरले, पण वॉरिकच्या हातून राजा निसटला तो एका नेव्हिलच्याच बंडामुळे.

पुढील वर्षी वॉरिकने फ्रान्समध्ये जाऊन लँकेस्टरच्या राणी मार्गारेटशी सख्य केले आणि धाकटी मुलगी अ‍ॅन तिच्या पुत्रास दिली. त्याचा भाऊ जॉन, मार्क्विस ऑफ माँटेग्यू, एडवर्डशी एकनिष्ठ राहिला होता. परंतु राजाने त्याच्याकडून नॉर्थंबरलंडची पदवी काढून पर्सीस परत दिल्यावर तोही फिरला. १४ एप्रिल १४७१ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बार्नेट येथे दोघे बंधू मारले गेले.

वारशाचा प्रश्न मात्र बार्नेटच्या रणांगणावर संपला नाही. उत्तरेकडील जमिनी पुरुषवारसांकडेच जाव्यात अशी पहिल्या राल्फची तजवीज होती. त्यामुळे त्यांचा वारस वॉरिकच्या मुली नसून माँटेग्यूचा अल्पवयीन मुलगा जॉर्ज होता. राजाचा धाकटा भाऊ ग्लॉस्टरचा रिचर्ड, अ‍ॅनचा दुसरा नवरा, याला त्या जमिनी देण्यासाठी १४७५ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घ्यावा लागला. माँटेग्यूचा पुरुषवंश चालू असेपर्यंत रिचर्डच्या वंशाचा हक्क; तो वंश खुंटल्यास रिचर्डला हयातीपुरता उपभोग, अशी त्यातील अट होती. जॉर्ज ४ मे १४८३ रोजी निःसंतान वारला. त्याच दिवशी रिचर्डने बाल राजा पाचव्या एडवर्डसह लंडनमध्ये प्रवेश केला. मिडलहॅमवरील आपल्या पुत्राचा हक्क त्या दिवशी रिचर्डने गमावला. २६ जूनला तो स्वतः राजा झाला. या तरतुदीकडे इतिहासकार मायकेल हिक्स यांनी विशेष लक्ष वेधले आहे. रिचर्डच्या राज्यापहाराची कारणे अनेक आहेत, पण सुमारे साठ वर्षांपूर्वी मरण पावलेल्या आजोबांचा दस्तऐवज त्या वसंतातही अंमल गाजवीत होता, हे विसरता येत नाही.

मराठी वाचकास या सर्व प्रकाराला ‘भाऊबंदकी’ म्हणण्याचा मोह होईल. तो शब्द रेबी आणि मिडलहॅम यांच्या वादास चपखल लागतो. पण भाऊबंद एका पुरुषवंशाचे असतात. वॉरिकचे बळ पत्नीकडून, सॉल्सबरीचे पत्नीकडून, एडवर्डचे आईकडून आलेले. आणि त्यांचे शत्रू बहुतेक साडू, भाचे आणि मावसभाऊ. येथे वारसा स्त्रियांच्या द्वारे फिरत होता आणि कलहही त्याच वाटेने फिरला. म्हणून ‘घराणे’ हा शब्द नाव, वंश की मालमत्ता यांपैकी कोणत्या अर्थाने वापरीत आहोत, हे विद्यार्थ्यांनी प्रत्येक वेळी स्वतःस विचारावे. नावाने सारे नेव्हिल एक होते, वंशाने दोन शाखांचे होते आणि मालमत्तेने तर त्याहून अधिक तुकड्यांचे. युद्धातील पक्ष बहुतांशी या तिसऱ्या अर्थाने ठरले. ज्येष्ठ शाखा पुढे १५६९ पर्यंत टिकली. त्या वर्षी वेस्टमोरलंडचा सहावा अर्ल चार्ल्स नेव्हिल याने पहिल्या एलिझाबेथ राणीविरुद्ध उत्तरेत बंड केले, ते फसले आणि रेबी राजसत्तेकडे गेले. त्या बंडात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता तो नॉर्थंबरलंडचा अर्ल, एक पर्सी.