बाप्तिझो (ग्रीक क्रियापद)

'''बाप्तिझो''' हे प्राचीन ग्रीक भाषेतील सकर्मक क्रियापद असून बुडवणे, पाण्याखाली घालणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. ‘बाप्तिस्मा’ हा मराठी शब्द याच क्रियापदापासून बनलेल्या ‘बाप्तिस्मा’ या ग्रीक नामावरून आला आहे.

== व्युत्पत्ती व अर्थ ==
हे क्रियापद ‘बाप्तो’ या धातूला ‘-इझो’ प्रत्यय लागून तयार झाले. बाप्तो म्हणजे बुचकळणे. कापड रंगवणे या अर्थानेही तो येतो. अभिजात व उत्तरकालीन ग्रीक ग्रंथांत बाप्तिझो गलबत बुडण्यासाठीही वापरलेले आढळते. जुन्या कराराच्या ‘सेप्टुअजिंट’ या ग्रीक भाषांतरात नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो (२ राजे ५:१४), तेथे हेच क्रियापद आहे. नव्या करारात त्याला धार्मिक विधीचा अर्थ प्राप्त झाला. मात्र जेवणापूर्वीची शुद्धी (लूक ११:३८) आणि दुःखात बुडून जाणे (मार्क १०:३८) असे अर्थही तेथे दिसतात.

== व्याकरण ==
* '''कर्तरी :''' ‘एबाप्तिसा’ (मी बाप्तिस्मा दिला, मार्क १:८).
* '''कर्मणी :''' ‘एबाप्तिस्थे’ (त्याचा बाप्तिस्मा झाला, मार्क १:९). विधी करणारी व्यक्ती ‘हिपो’ या शब्दयोगी अव्ययाने दर्शवली जाते.
* '''मध्यम प्रयोग :''' ‘बाप्तिसाय’ (बाप्तिस्मा घे, प्रेषितांची कृत्ये २२:१६). क्रियेचा संबंध कर्त्याच्या स्वतःशी असतो.

मार्क १:५ मधील ‘एबाप्तिझोन्तो’ हे अपूर्ण भूतकाळाचे रूप आहे. लोक एकामागून एक येत होते, असा त्याचा आशय आहे.

== भाषांतराचा प्रश्न ==
मराठीत ग्रीक नाम तसेच ठेवून त्याला ‘देणे’, ‘घेणे’, ‘होणे’ ही क्रियापदे जोडली जातात. त्यामुळे प्रयोगांतील भेद टिकतो, परंतु ‘बुडवणे’ हा मूळ अर्थ वाचकाला दिसत नाही. कॅथलिक समाजात ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही रूढ आहे. देवगडसह सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कॅथलिक २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतात.

शब्दाची निवड वादग्रस्त होण्याचे कारण विधीच्या पद्धतीत आहे. बाप्टिस्ट पंथ पूर्ण बुडवण्याचा आग्रह धरतो, तर इतर अनेक पंथ पाणी ओतणे किंवा शिंपडणे पुरेसे मानतात. बाप्टिस्ट मिशनऱ्यांच्या बंगाली भाषांतरात ‘बुडवणे’ या अर्थाचा शब्द आल्याने बायबल सोसायट्यांनी त्याला साहाय्य नाकारले. त्यातून अमेरिकेत १८३६ मध्ये, तर इंग्लंडमध्ये १८४० मध्ये बाप्टिस्टांनी बायबल भाषांतरासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केल्या.